वहीत होतं तेवढं

कोर्टात न्यायाधीश सांगतील तेवढंच टाइप करायचं, हा आमच्याकडचा रिवाज. माझा हात मात्र कानावर पडेल ते सगळं लघुलिपीत उतरवत सुटतो. बावीस वर्षांची खोड आहे. टाइप करताना नको ते गाळते आणि वही कपाटात टाकते.

एकदा एक शिवणकाम करणारी बाई मुलीच्या ताब्यासाठी आली होती. बोलताना अडखळायची. न्यायाधीशसाहेबांनी दोनदा तिची नक्कल केली, मग म्हणाले, "धक्का मारा कुणीतरी, गाडी सुरू होत नाहीये." बाई गप्प झाली ती झालीच. साहेबांनी मला सांगितलं, "लिहा, साक्षीदार उत्तर देत नाही." मी तेवढंच टाइप केलं. त्या एका ओळीवर मुलगी बापाकडे गेली.

बाईने साहेबांविरुद्ध तक्रार केली. चौकशी अधिकाऱ्यांनी माझी वही मागवली. आदल्या संध्याकाळी नवरा म्हणाला, "निवृत्तीला आठ महिने राहिलेत. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? तुझे ते कोंबडीचे पाय तुझ्याशिवाय वाचता कुणाला येतात?" खरंच होतं. मी भांडी घासली. भीती वाटेल म्हणून वाट पाहिली, पण काहीच वाटलं नाही.

चौकशीच्या खोलीत टेबलापलीकडे बाई बसली होती. साहेब आले नव्हते. असं काही घडलंच नाही, असा त्यांचा लेखी खुलासा आला होता.

अधिकाऱ्यांनी वही पुढे सरकवली. "वाचा."

खोटं वाचायचं तर आधी ते रचावं लागतं. मला रचायची सवय नाही. समोर असेल ते मी वाचते. नक्कल वाचली, गाडी वाचली, किराण्याची यादी वाचावी तशी.

"हे तुम्ही गाळलंत?"

"हो."

"का?"

"टाइप करायला सांगितलं नव्हतं."

निकालाचा फेरविचार व्हावा अशी शिफारस करतो, असं ते बाईला म्हणाले. "यांना काही विचारायचंय?"

तिला पहिला शब्द यायला बराच वेळ लागला. इथे कुणी घाई केली नाही.

"त... तेव्हा तुम्ही हसलात. ते आहे का वहीत?"

वहीत ते नव्हतं. अधिकाऱ्यांच्या लेखनिकाचा हात थांबला होता. हेही घ्यायचं का, म्हणून तो त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"लिहून घ्या," मी त्याला म्हटलं. "हसले होते. सगळ्यांत आधी मीच."