बाजूच्या चाकाचं बेअरिंग

कारंज्याच्या त्या नव्या स्पेअरपार्टच्या दुकानात चप्पल बाहेर काढायची की घालूनच आत शिरायचं, हेच तुळसाबाईला आधी कळेना. काचेचं दार, आत गार हवा, फरशी अशी की खाली पाहिलं तर आपलंच तोंड दिसावं. दारावरचा माणूस म्हणाला, "या आजी, चप्पल राहू द्या." तेव्हा कुठं ती कुबडी टेकत आत गेली. कुबडीचं रबर झिजलेलं. गुळगुळीत फरशीवर ते घसरायचं, म्हणून एक एक पाऊल जपून.

काउंटरमागं लाल टीशर्ट घातलेली मुलगी उभी होती. छातीवर नावाची पट्टी होती, वैष्णवी. तुळसाबाईनं कमरेची पुरचुंडी सोडली आणि काळं पडलेलं, अर्धं तुटलेलं बेअरिंग काचेवर ठेवलं. दोन सुट्या गोळ्या घरंगळत निघाल्या, त्या मुलीनं हाताने अडवल्या.

"हे असं पाह्यजे पोरी."

"गाडी कोणती आजी?"

"स्कूटर."

"मॉडेल? साल कोणतं?"

"गाडीचं नाई वो, बाजूच्या चाकाचं हाये हे."

"बाजूचं म्हणजे पुढचं का मागचं?"

"बाजूचं म्हंजे बाजूचं! पुढचं पुढं असते, मागचं मागं असते. माहा पाय असा, म्हनून गाडीले दोन्हीकून दोन चाकं जास्तीची लावली हायेत."

वैष्णवीनं संगणकात काहीतरी बडवलं, पुन्हा बडवलं. "यात पुढचं आणि मागचं एवढंच दाखवते आजी."

मागं उभं असलेलं एक गिऱ्हाईक फिदकन हसलं. "लिहा ना मॅडम, मधलं!"

तुळसाबाई हसली नाही. तिला हसण्याइतकी सवड नव्हती. पुढल्या आठवड्यात तिच्या नवऱ्याचं, दौलतरावांचं वर्षश्राद्ध होतं, त्यासाठी मुलगा पवन पुण्याहून येणार होता, आणि येताना तो आईचं बोचकं बांधायच्या तयारीनंच येणार होता.

दौलतराव गेले तेव्हाच पवननं विषय काढला होता. कामरगावपासून आत, शेतातलं एकटं घर, सूनबाईही म्हणाली, आई आमच्याकडे चला. तुळसाबाई तेव्हा एवढंच बोलली, "माही गाडी हाये. मी चालती फिरती हाये. कोनाले तरास देते का मी?" त्या एका वाक्यावर वर्ष निघालं. दळण, बाजार, दवाखाना, भजन, कोणाच्या दारी बसायला जाणं, सगळं त्या गाडीवर. पवनचा फोन आला की ती मुद्दाम सांगायची, आज कामरगावला जाऊन आले, उद्या धनजला जाते. मग बोलणं तिथंच थांबायचं.

आणि वर्ष सरत आलं तेव्हाच नेमकं चाक जाम झालं. कामरगावच्या फाट्याजवळ गाडी एका अंगाला ओढू लागली, करकर करत थांबली. लोकांनी ढकलून लखीराम मिस्त्रीच्या दुकानासमोर नेऊन लावली. लखीराम तांड्यावरचा, तोंडाचा फटकळ, पण हात चांगला. त्यानं चाक काढलं, बोट आत घालून वास घेतला आणि तुळसाबाईकडे पाहिलं.

"काकू, यात काय टाकलं तुमी?"

"तेल."

"कायचं तेल?"

"घरातलं. सोयाबीनचं. दर शनिवारी टाकते मी."

"अरे बाप्पा! बेअरिंग हाये का भजे? तळून काढलं तुमी याले!"

दुकानात बसलेले दोघेतिघे खो खो हसले. तुळसाबाईला कळेना यात हसण्यासारखं काय आहे. तिचा बाप बंडी जुंपायच्या आधी आखाला वंगण द्यायचा. चाकाला तेल नाही मिळालं तर चाक रडतं, आणि रडणारं चाक घरात दळिद्र आणतं, असं आई म्हणायची. माणूस गेल्यावर चाकाची काळजी घेणारं कोणी उरलं नाही म्हणून तिनं ती घेतली होती. पण हे बेअरिंग बंद डब्यासारखं असतं म्हणे. तेलानं त्यातलं ग्रीस विरघळलं, त्यावर धूळ बसली, धुळीचा खरखरीत लगदा झाला आणि बहुतेक गोळ्या पिठासारख्या दळल्या गेल्या. लखीरामनं हातोड्यानं ठोकून काढलं तेव्हा आतला भाग हातात आला, बाहेरची कडी चाकातच रुतून राहिली.

"नंबर घासला हाये," लखीराम म्हणाला. "कारंज्याले जा अन् नमुना दाखवा. माह्याजवळ असं नाई. मी आलो असतो, पण दुकानी कोन बसन?"

म्हणून ती आली होती. शेजारच्या शेतातल्या रूपलाच्या बंडीत फाट्यापर्यंत, तिथून जीपमध्ये कोंबून कारंज्यापर्यंत. आणि इथं आता मागचा माणूस घाई करत होता, म्हणून वैष्णवीनं शेवटी स्कूटरचं नाव टाकलं आणि एक निळा डबा काढून दिला. "हेच लागतं आजी या गाडीला. ओरिजनल आहे."

तुळसाबाईनं डब्याकडं पाहिलं, मुलीकडं पाहिलं. शिकलेली पोर, समोर यंत्र. ती म्हणते तर असेल.

नव्हतंच ते. कामरगावला परतल्यावर लखीरामनं डबा उघडला आणि आतलं बेअरिंग नुसतं चाकावर धरून दाखवलं. लोट्यावर कढईचं झाकण ठेवावं तसं दिसलं.

दुसऱ्या खेपेला तिनं चाकच नेलं.

रूपलानं ते पोत्यात गुंडाळून जीपच्या टपावर बांधलं. कारंज्याला उतरल्यावर एका रिक्षावाल्यानं दुकानाच्या दारापर्यंत आणून टाकलं. दारावरचा माणूस बदललेला होता. काउंटरवर वैष्णवीही नव्हती. तिच्या जागी हरीओम नावाची पट्टी लावलेला, मिशी नुकती कोरलेला तरणा माणूस होता.

"थे पोरगी कुठी गेली?"

"ताई मंगरूळपीरच्या शाखेत गेल्या आजी. मी हाये ना. बोला. गाडी कोणती?"

झालं! पुन्हा पहिल्यापासून. स्कूटर. मॉडेल. साल. पुढचं का मागचं. तुळसाबाईनं पोतं सोडलं, चाक उचलून धप्पकन काचेवर ठेवलं. शेजारच्या चकचकीत शोपीस हेल्मेटाला कंप सुटला.

"हे पाह्य! हे हाये बाजूचं चाक! हे तुह्या डब्यात नाई दिसत का?"

हरीओमनं संगणकाकडं पाहिलं, मग चाकाकडं. "आजी, यात गाडीचा नंबर टाकल्याशिवाय काईच दाखवत नाई."

"अरे मंग तुले काय मालूम हाये? तिले नाई मालूम, तुले नाई मालूम, दारावरच्याले नाई मालूम! एवढं काचेचं घर बांधलं, लाल कपडे घालून बसले! भाजीवालीले वांग्याचा भाव मालूम असते, न्हाव्याले डोक्याचा भोवरा मालूम असते. तुमाले काहून नाई मालूम आपल्या दुकानात काय हाये थे?"

आवाज चढला होता. दोन गिऱ्हाईकं वळून पाहू लागली. ती कुबडीवर रेलून उभी होती. राग खरा बेअरिंगचा नव्हताच. परवा पवनचा फोन आला होता, आणि 'आज कुठं गेली होतीस' असं त्यानं विचारल्यावर तिनं 'भजनाला' असं खोटंच सांगितलं होतं.

हरीओमनं तिला स्टूल दिलं. पाणी दिलं. मग आवाज खाली करून म्हणाला, "खरं सांगू का आजी? मले खरंच मालूम नाई. मी इतिहासात बी.ए. केलं. याच्या आधी मोबाईलच्या दुकानात होतो. इथं लागून हप्ता झाला. मले म्हनले, फक्त मशीनमधी पाह्यचं अन् द्यायचं."

तुळसाबाईनं पाण्याचा एक घोट घेतला. कबूल करणाऱ्या माणसावर किती ओरडणार?

"हे चाक लावलं कोनं?" त्यानं विचारलं.

"आमच्या घरच्याईनं लावून आनलं. मंगरूळकडं एक हेमसिंग वेल्डिंगवाला होता. आता थो ऊस तोडाले गेला. फोन केला म्या, त्याले आठवत नाई. म्हने, काकानंच सामान आनलं होतं."

"मंग काकाले विचारा ना."

"ते गेले. वर्ष होईल आता."

हरीओमनं मान खाली घातली. काहीतरी बोलायचं म्हणून तो बोलला, "पन तुमी त्याईले कदी विचारलं नाई का, कायचं चाक हाये म्हनून?"

बिचाऱ्यानं सहज विचारलं होतं. पण तुळसाबाईला ते असं लागलं की तिनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

नव्हतं विचारलं. दौलतराव सकाळी गाडी घेऊन जायचे, संध्याकाळी यायचे, गाडी ठीक झालेली असायची. ती म्हणायची, हात धुवा, जेवून घ्या. ते जेवायचे. कुठं गेले होते, कोणाच्या दुकानात बसले, किती ठिकाणी हिंडले, कोणी त्यांच्याही समोर पुढचं का मागचं करत बसलं होतं का, हे तिनं कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. ती चाकं लावून आणली त्या दिवशी तर ते नुसते अंगणात उभे राहून म्हणाले होते, "बस, पाह्य चालवून." ती अंगणात गोल गोल फिरली आणि लहान पोरीसारखी हसली. हसताना तिला विचारायचं सुचलं नाही. आणि आता या काचेच्या घरात ती परक्या पोराला ते विचारत होती, ज्याचं उत्तर तिच्या घरात इतकी वर्षं जेवायला बसत होतं.

"नाई विचारलं," ती म्हणाली. "तुह्यासारखंच. मलेबी काई मालूम नाई."

हरीओम उठला. दुकानाचे साहेब जेवायला गेले होते. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, आतल्या फळीवरून बेअरिंगचे डबे उतरवले आणि चाक घेऊन सरळ फरशीवर मांडी घालून बसला. "चला आजी. मशीन राहू द्या. लावून लावून पाहू."

तुळसाबाईही स्टुलावरून घसरत खाली बसली, एक पाय लांब करून. तो डबा उघडायचा, ती बेअरिंग घेऊन चाकातल्या रुतलेल्या कडीवर धरायची. हे लहान. हे मोठं. हे जवळ आलं, पण जाडीला कमी. मेथी निवडायला बसल्यासारखी ती बसली होती. बोलता बोलता त्यानं आईचं सांगितलं, ती अंगणवाडीत होती. तुळसाबाईनं पवनचं सांगितलं. तो म्हणाला, "जाऊन का नाई राहत मंग? पुण्यात मज्जा हाये."

"तिथं मले कोन ओळखते? इथं निदान फाट्यावरचे लोक हासतेत तरी माह्यावर."

साहेब आले. दारातूनच ओरडले, "अरे, हे काय दुकान मांडलं खाली? सील कोणी तोडले?"

"सर, आजीचं चाक मशीनमधी नाई."

"मग नाही म्हणून सांगायचं! मशीनमध्ये नाही म्हणजे नाही."

"मालक," तुळसाबाई खालूनच म्हणाली, "आधी मशीनमधलंच दिलं होतं तुमी. थे बसलं नाई."

तेवढ्यात तिच्या हातातलं बेअरिंग कडीवर चपखल बसलं. सगळीकडून बरोबर. तिनं बोट फिरवून पाहिलं, कुठंच कड लागली नाही. हरीओमनं डबा उलटा करून वाचला आणि मोठ्यानं म्हणाला, "मालवाहू ऑटोच्या पुढच्या चाकाचं! आजी, ऑटोचं हाये हे!"

"ऑटोचं," तिनं पुन्हा म्हणून पाहिलं. म्हणजे ते कुठंतरी ऑटोवाल्यांत जाऊन बसले असतील. कोणाला तरी विचारलं असेल, बायकोसाठी गाडी करायची आहे, ओझ्याला कोणतं चाक टिकेल.

निघताना हरीओमनं चाकाचा फोटो काढून घेतला. "दुसरं कोनी असं आलं तं सांगता येईन."

"तू असशीन का पन इथं?"

तो हसला. "कायचं! पोलीस भरतीची तयारी करून राह्यलो."

लखीरामनं बेअरिंग बसवलं आणि पहिलीच तंबी दिली, "आता तेल टाकलं तं मी तुमच्या घरी जेवाले येतो, तळलेलं खाले." ऑटोचं आहे हे ऐकून तो म्हणाला, "हाव का? काकानं कदी बोलून नाई दाखवलं." तुळसाबाई म्हणाली, "मलेबी नाई."

पवनला घ्यायला ती स्वतः कामरगावच्या स्टँडवर गेली. तो एसटीतून उतरला, बॅग हातात, आणि आईला गाडीवर बसलेली पाहून थांबलाच.

"तू आली?"

"मंग कोन येईन? बस मागं. नीट बस, वजन एका बाजूले टाकू नको."

तो बसला. मोठा झाल्यावर तो आईच्या मागं पहिल्यांदाच बसला होता. तिनं त्याला गावातून मुद्दाम फिरवून नेलं. लोकांनी हाका मारल्या, तिनं हात वर करून उत्तरं दिली. घरी येईपर्यंत पवननं पुण्याचं नाव काढलं नाही. श्राद्ध झालं, पानं उठली, भाऊबंद गेले. संध्याकाळी अंगणात बसून तो एवढंच म्हणाला, "तुले खरंच राह्यचं हाये इथं?"

"हाव."

"मंग राह्य. मी नाई ओढून नेत." त्याच्या आवाजात राग नव्हता. थोडी सुटका होती, असं तिला वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिनंच त्याला स्टँडवर सोडलं. एसटी आली, तो चढला, खिडकीतून हात बाहेर काढून, "फोन करजो," म्हणाला. गाडी गेली. धूळ खाली बसली.

केळी विकणारी गोमतीबाई टोपलीमागून म्हणाली, "गेला का वो पवन?"

"गेला."

"अन् तुले नाई नेलं?"

"म्याच नाई म्हनलं."

"बरं केलं माय," गोमतीबाई म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळली.

तुळसाबाईनं गाडी चालू केली. चारही चाकं एकसारखी, अंगाखाली मऊ चालत होती. तिला कोणाला तरी सांगावंसं वाटलं की हे ऑटोचं चाक आहे, खास ओझ्यासाठी लावलेलं. सांगण्यासारखं माणूस आठवेना. फाट्यावरून घर सरळ रस्त्यानं लगेच येतं. ती जरा थांबली, मग हँडल वळवून धरणाकडच्या लांबच्या रस्त्याला लागली.