साडेसहा गुणांची कोठडी

मी एक जुना कॉमिक अंक आहे, मित्रांनो. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराच्या पुलांवर पहारा देणाऱ्या 'ब्रिजवॉर्डन' या वीराच्या मालिकेतला सत्तावन्नावा. गेल्या महिन्यापर्यंत माझ्याविषयी मला एवढंच सांगता आलं असतं, कारण माझ्या आत काय आहे ते मी स्वतःच विसरत चाललो होतो. बारा वर्षं मला कोणी उघडलंच नव्हतं.

माझा जन्म स्वस्तातला. कागद असा की बोट ओलं केलं तर शाई बोटाला लागावी. छापताना निळा रंग जरा घसरला आणि आमच्या वीराच्या हनुवटीवर निळी दाढी उगवली. औषधांच्या दुकानातल्या फिरत्या मांडणीवर मी चार दिवस गरगर फिरलो आणि मग दहा वर्षांच्या थेल्मा ह्रिंकोने मला उचललं. उभ्या उभ्या तिने माझं शेवटचं पान उघडलं आणि ती किंचाळलीच. ते वाचकांच्या पत्रांचं पान होतं आणि त्यात तिचं पत्र छापून आलं होतं!

त्या वर्षी तिने मला किती वेळा वाचलं याला गणती नाही. घराच्या मागच्या पायरीवर बसून, एका हातात हॅमचं सँडविच धरून ती मला वाचायची. पत्रांच्या पानावर मोहरीच्या चटणीचा डाग पडला तो तेव्हाच. तिचा मोठा भाऊ लेनी मला हिसकावून पळायचा आणि ती त्याच्यामागे धावायची. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे लेनीने कॉमिकचं दुकान काढलं. लग्न होऊन जाताना थेल्माने आम्हा सगळ्या अंकांची खोकी त्याच्याकडे ठेवली. "सांभाळ," ती म्हणाली, "पण मी परत मागणार आहे हं."

बारा वर्षांपूर्वी एका सकाळी लेनीने मला पुठ्ठ्यांत बांधून, जुन्या अंकांची अवस्था तपासून गुण देणाऱ्या एका दूरच्या संस्थेकडे पाठवलं. तिथे अनोळखी हातांनी माझी पानं मोजली, घड्या तपासल्या, डाग पाहून नाक मुरडलं. मग मला कडक पारदर्शक पेटीत घालून चारी कडा यंत्राने कायमच्या जोडल्या. वर चिठ्ठी लावली: दहापैकी साडेसहा.

लेनीने मला गल्ल्यामागच्या फळीवर उभं केलं. मित्रांनो, अंधार असता तर बरं झालं असतं. मला सगळं दिसायचं, सगळं ऐकू यायचं, फक्त उघडता यायचं नाही. माझी बत्तीस पानं एकमेकांवर दाबली गेली होती. लोक यायचे, माझ्याकडे बोट दाखवून "काय झकास राहिलाय!" म्हणायचे. आत काय आहे हे एकानेही विचारलं नाही. मी आतून ओरडायचो, पण कागदाचं ओरडणं कोणाला ऐकू जातं?

दरम्यान आम्हाला छापणाऱ्या कंपनीने ब्रिजवॉर्डनची मालिका चार वेळा पुन्हा पहिल्या अंकापासून सुरू केली. प्रत्येक वेळी दारावर फलक लागायचा, 'नव्या वाचकांनो, इथून सुरुवात करा!' आणि प्रत्येक वेळी रांगेत तीच जुनी टकली डोकी उभी असायची. एकेक जण एकाच अंकाच्या चार वेगवेगळ्या मुखपृष्ठांच्या प्रती घ्यायचा आणि न वाचता पिशवीत बंद करायचा. ते कोवळे पहिले अंक माझ्याकडे बघत बाहेर जायचे. पुढे काय वाढून ठेवलंय हे त्यांना ठाऊक नसायचं.

गेल्या महिन्यात पाचवा पहिला अंक आला. बुधवार होता, नवे अंक दुकानात येण्याचा वार. त्या दिवशी रांगेत एक नवी वाचक खरोखरच होती. थेल्माबरोबर आलेली तिची नऊ वर्षांची नात जोसी. तिने अंक घेतला आणि गल्ल्यापाशीच जमिनीवर फतकल मारून वाचून काढला. टकली मंडळी तिच्याकडे पाहतच राहिली.

"कसा वाटला?" थेल्माने विचारलं.

"मारामारी मस्त आहे," जोसी म्हणाली. "पण आजी, हा घरी गेल्यावर जेवतो कोणाबरोबर?"

थेल्मा एकदम हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अगं, मी हेच विचारलं होतं! तुझ्याएवढी असताना. छापलंसुद्धा होतं त्यांनी. लेनी, दाखव तिला."

लेनी चुळबुळला. "गोष्ट सगळी टॅबलेटवर आहे. तिथे वाचा की."

"गोष्ट आहे. पत्रांची पानं गाळलीत त्यांनी. ते पत्र फक्त त्यात आहे," ती माझ्याकडे बोट करून म्हणाली. "काढ."

"ते निघत नाही, थेल्मा. पेटी फोडावी लागेल. फोडली की गुण गेले."

"साडेसहाच तर आहेत! शाळेत तुला तेवढे तरी पडायचे का? आणि अंक माझा आहे. मला न विचारता कोंडलास. त्यात तुझ्याबद्दल लिहिलंय म्हणून ना?"

लेनीने मला फळीवरून काढलं आणि पेटीवरची धूळ बाहीने पुसली.

"तू तेव्हा हॉस्पिटलात होतीस," तो हळूच म्हणाला. "डॉक्टर काय म्हणाले ते तुला सांगितलंच नव्हतं आम्ही. मला वाटलं, निदान तुझं हे तरी कोणी खराब करू नये."

बारा वर्षं मी ज्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या, तो माझा तुरुंगाधिकारी नव्हताच. तो नुसता घाबरलेला भाऊ होता. मला फार लाज वाटली.

थेल्माने त्याचा हात धरला. "मी बरी झाले रे, लेनी. कधीच बरी झाले. आता सोड त्याला."

लेनीने स्क्रूड्रायव्हर पेटीच्या कोपऱ्यात घातला. कडाड आवाज झाला. वारा आत शिरला आणि माझी पानं आपोआप सुटी झाली.

जोसीने चटणीच्या डागाचं पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं, "'प्रिय संपादक, ब्रिजवॉर्डन सगळ्यांना वाचवतो, पण घरी जेवतो कोणाबरोबर? माझा भाऊ लेनी म्हणतो वीरांना भूक लागत नाही. लेनी मठ्ठ आहे.' आणि खाली उत्तर आहे, 'थेल्मा, लवकरच एका अंकात सांगू. वाचत राहा!'" तिने मान वर केली. "मग सांगितलं?"

"नाही," थेल्मा म्हणाली.

जोसीने संपादकांना पत्र लिहायला लगेच कागद मागितला. तो माझ्यावरच ठेवून ती जोर देऊन लिहू लागली.

"अगं, खाली वही घे! ठसे उमटतील!" लेनी ओरडला आणि मग स्वतःच हात मागे घेतला.

ठसे उमटलेच. मला उजेडात तिरपं धरलं तर माझ्या मुखपृष्ठावर आजही वाचता येतं: 'माझी आजी पन्नास वर्षं थांबली आहे. आता तरी सांगा.'

मित्रांनो, आता मला कोणी दहापैकी तीनही गुण देणार नाही. मी थेल्माच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडा पडलेला असतो आणि माझ्यावर नवा डागही पडला आहे. तुमच्याकडे पिशवीत बंद केलेला एखादा अंक असेल, तर आज त्याला बाहेर काढा. हात धुतले नाहीत तरी चालेल. उत्तर अजून आलेलं नाही. पण दर बुधवारी दुकान बंद करून लेनी आता नवे अंक घेऊन इकडे येतो, त्यांत उत्तर आलंय का ते बघतात, आणि मग ते तिघं एकत्र जेवतात.