मधलं विसरलेलं गाणं

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. येडशीच्या छोट्या रेडिओ केंद्रात गाणी शोधून देणं हे माझं काम. धम्मपालदादांनी मला पायथन या संगणकाच्या भाषेत लिहिलं. गाण्याचे शब्द टाकले की मी गाणं काढून द्यायचो. मधले शब्द आठवत नसतील तर तिथं टिंब आणि चांदणी टाकायची, अशी: ‘.*’. म्हणजे ‘इथं काहीही चालेल’. गाणी लावणारी निकिताताई कौतुकानं म्हणायची, "आमचा गडी अर्ध्या शब्दावर गाणं काढतो!"

एकदा एका श्रोत्याचा निरोप आला, ‘बोरीखालची मैना :)’. ताईनं तो तसाच माझ्यात टाकला. तिला त्यात हसरा चेहरा दिसला, मला मात्र कधी न उघडलेला, नुसताच मिटलेला कंस. माझ्या भाषेत कंसालाही वेगळा अर्थ असतो. मी गडबडलो आणि बंद पडलो. भर कार्यक्रमात रेडिओ मुका झाला.

"दादा, ह्यो तर हसू बघून मेला की हो!" ताई ओरडली.

दादांनी दुरुस्ती केली. आता प्रत्येक खूण मी साधं अक्षरच समजू लागलो. बंद पडणं थांबलं, पण टिंब-चांदणीचा अर्थही गेला.

मग एका सकाळी माकणीहून धुरपदाबाईंचा फोन आला. "नात हळदीला बसलीय बाई. गाण्यात सुरुवातीला ‘हळद’ हाय अन् शेवटाला ‘अंगणी’. मधलं पार इसरले."

ताईनं ‘हळद.*अंगणी’ लिहिलं. मी खरोखरीचं टिंब आणि खरोखरीची चांदणी शोधत बसलो. काहीच सापडेना. फोनमधून बायकांच्या हाका ऐकू येत होत्या. मला फार लाज वाटली.

"आजी, फोन ठिवू नका," म्हणत दादांनी कीबोर्ड ओढला. थोड्याच वेळात माझ्यावर दोन बटणं आली, ‘लिहिलंय तसंच’ आणि ‘खुणांनी’. खूण चुकली तर बंद न पडता तसं सांगायलाही मी शिकलो.

ताईनं दुसरं बटण दाबलं. गाणं सापडलं आणि रेडिओवर लागलं.

"अगं, ही बाई तर माझ्यावानीच गाती!" फोनवरून धुरपदाबाई म्हणाल्या.

ताईनं गाण्याखालचं नाव वाचलं. "आजी, तुम्हीच हाव त्या! मागं तुमच्या गावात येऊन आमीच आवाज भरून नेला हुता."

"व्हय? लई ग्वाड गात हुते की मी!"

मित्रांनो, तुम्हीही कधी माझ्यासारखा प्रोग्रॅम लिहाल. तेव्हा माणसानं काय लिहिलंय एवढंच पाहू नका, त्याला काय हवंय तेही विचारा. त्या दिवशी दादांनी दोन बटणं देऊन मला तसं विचारायला शिकवलं, म्हणून माकणीच्या मांडवात धुरपदाबाई आपल्याच आवाजाबरोबर गायल्या, आणि दुसऱ्या कडव्याला तर त्या रेडिओच्याही पुढं निघून गेल्या.