माझं नाव कट्ट्यावर राहिलं

मी एक म्हातारी म्हैस आहे. मित्रांनो, हसलात ना? हसा. म्हैस म्हटलं की माणसांना आधी हसूच येतं. पण हसून झालं की जरा बसा, कारण मला आज सांगायचंच आहे.

सध्या मी कसबा बावड्यात गणपतराव नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात असते. इथून साखर कारखान्याची चिमणी दिसते. गळीत सुरू झालं की मळीचा वास नाकात भरतो. वैरण वेळेवर मिळते, पाणी स्वच्छ मिळतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की मला फसवलं. आणि ज्यांनी फसवलं ती सगळी चांगली माणसं होती. वाईट माणसानं फसवलं तर त्याच्यावर शिंग तरी उगारता येतं. चांगल्या माणसांचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

कोयनेचा भूकंप झाला त्या हिवाळ्यात मी कोल्हापुरात हंबीररावांच्या गोठ्यात जन्मले. माझी आई मला चाटता चाटताच गेली. हंबीररावांनी दुधात बोटं बुडवून मला चोखायला दिली आणि जगवलं. माझ्या कपाळावर पांढरा ठिपका आहे, अगदी शेवंतीच्या फुलाएवढा. म्हणून त्यांनी माझं नाव शेवंती ठेवलं. डाव्या शिंगाच्या मागं खाजवलं की माझे डोळे आपोआप मिटतात, हे त्यांनीच शोधून काढलं. दुसऱ्या कुणाला ती जागा सापडली नाही.

तुम्ही दूध पिशवीतलं पिता. आमच्या कोल्हापुरात रीत वेगळी होती. गवळी आपल्या म्हशी घेऊन पहाटे कट्ट्यावर यायचे. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळलेला पेला तिथंच त्याच्या हातात द्यायचा. दुधात पाणी नाही याची ग्वाही म्हणजे गिऱ्हाइकाचे स्वतःचे डोळे! त्या कट्ट्यावर हंबीररावांचा खुंटा पहिला आणि त्यांचा शब्दही पहिला. कुणी दुधाबद्दल शंका काढली तर ते हसून म्हणायचे, "म्हशीलाच इचारा की!"

दिवाळीच्या पाडव्याला तर माझा थाट विचारू नका. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांची माळ, पायांत घुंगरू. हंबीरराव सायकलवरून पुढं निघायचे आणि हाळी द्यायचे, "ह्योऽ शेवंतेऽ!" की मी त्या गर्दीतून सुसाट त्यांच्या मागं. कट्ट्यावरचे लोक म्हणायचे, "म्हस न्हवं ही, हंबीररावाची लेक हाय!" मी मान वर करून चालायची. गर्व होताच मला, कशाला लपवू?

मग हळूहळू काहीतरी बिघडत गेलं. हंबीरराव अजून साठीचेही नव्हते. एके दिवशी त्यांनी मला आंबोण दिलं, म्हणजे पेंड आणि सरकी भिजवून देतात ते, आणि थोड्या वेळानं पुन्हा पाटी भरून आणली. मी मुकाट्यानं खाल्लं, मी म्हैस आहे. पण पुढं आंबोण द्यायचंच राहू लागलं. घरी परतताना तीन रस्ते मिळतात त्या तिकटीवर ते थांबायचे. डावीकडं बघायचे, उजवीकडं बघायचे. मग मी चालू लागायची आणि ते दावं धरून मागून यायचे. रस्त्यातल्या लोकांना वाटायचं, हंबीरराव म्हशीला घेऊन चाललेत. घेऊन मी चाललेली असायची.

त्यांच्या बायकोला, धोंडुबाईंना, हे कळत होतं. ती बाई दारात उभी राहून आमची वाट बघायची आणि आम्ही दिसलो की पदरानं तोंड पुसायची. पण बोलायची कुणाजवळ? मुलगा सयाजी कारखान्यात लेथवर कामाला. तो म्हणायचा, "वय झालंय म्हाताऱ्याचं, ध्यान देऊ नगंस."

आणि मग तो दिवस उगवला. धार काढण्याआधी चरवीत पाणी घेऊन माझी कास धुवायची, उरलेलं पाणी ओतून टाकायचं, आणि मगच चरवी खाली धरायची, हा रोजचा क्रम. त्या दिवशी हंबीररावांनी कास धुतली. चरवीतलं पाणी ओतायचं विसरले. त्यातच धार धरली. मी पाय आपटला. शेपटी त्यांच्या तोंडावर मारली. "हुभी ऱ्हा की गं नीट," म्हणाले आणि काढत राहिले. पहिला पेला नेहमीप्रमाणे चिमणाबाईंचा. ती म्हातारी त्यांची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक. तिनं घोट घेतला, पेला उजेडाकडं धरला आणि म्हणाली, "हंबीरराव, तुमी बी?"

बस्स, एवढंच. पण अख्खा कट्टा गोळा झाला. चरवी हातोहात फिरली. "पाणी हाय की ह्यात!" "इतकी वर्सं असंच पाजलं असणार!" हंबीरराव गोंधळून सगळ्यांकडं बघत होते. शेवटी म्हणाले, "म्हशीलाच इचारा की."

मित्रांनो, मला कुणी विचारलं नाही. मला सगळं ठाऊक होतं आणि तोंडात भाषा नव्हती. पण ज्यांच्या तोंडात भाषा होती त्यांचं काय? आमच्या पलीकडच्याच खुंट्यावर इमाम त्याची म्हैस बिजली घेऊन उभा असायचा. हंबीररावांचा लहानपणापासूनचा दोस्त. पाणी ओतायचं राहिलं हे त्यानं पाहिलं होतं. त्याला तोंड उघडायला काय झालं होतं? तो खाली वाकला आणि बिजलीच्या पायातलं घुंगरू सोडत बसला. ते सोडायचं काही कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्यापुढं पेला घेऊन कुणी आलं नाही. माझी कास दाटून दुखायची आणि लोक आमच्यासमोरून दुसऱ्याकडं जायचे. सयाजीला कारखान्यात टोमणे बसले. त्यानं मला विकायचं ठरवलं आणि बापाला घरात कोंडून घालायचं ठरवलं.

गणपतराव मला न्यायला आले तेव्हा सयाजीनं मुद्दाम वडिलांच्या हातून दावं देववलं. रीत म्हणून. धोंडुबाई आत जाऊन रडत होती. मी हंबीररावांकडं बघत होते. आता ओरडतील, आता सयाजीच्या थोबाडीत देतील, असं वाटत होतं. त्यांनी दावं घेतलं, गणपतरावांच्या हातात दिलं आणि अगदी मायेनं म्हणाले, "न्या की पावणं. गुणाची दिसतीया. कुणाची हाय ही?"

बोटं चोखवून वाढवलं त्या माणसानं हे विचारलं. आजार होता, मला कळतं. तरीही तेव्हा जे काळजात घुसलं ते निघालेलं नाही.

बावड्यात आले. गणपतराव मला "काळे" म्हणून हाक मारायचे. सगळ्याच म्हशी काळ्या, मी कशाला मान वळवू?

काही महिन्यांनी इमाम तिथं उसाचं वाडं, म्हणजे शेंड्यांची हिरवी वैरण, न्यायला येऊ लागला. मला पाहिलं आणि आधी मान खाली घातली. मग वाड्याचे भारे बांधता बांधता गणपतरावांना सगळं सांगत गेला. एक दिवस दाराची कडी लावायची राहिली आणि हंबीरराव निघाले ते थेट कट्ट्यावर. रिकाम्या खुंट्याजवळ चरवी घेऊन बसले, म्हैस यायची वाट बघत. उठवलं तर उठेनात. मागून धोंडुबाई धावत आली, आणि जन्मात कधी कट्ट्यावर न बोललेली ती बाई सगळ्यांसमोर उभी राहिली.

"आमच्या मालकानं पाणी घातलं न्हाई," ती म्हणाली. "वतायचं इसरलं. त्यास्नी माझं नाव बी आठवत न्हाई आता. डाक्टर म्हणतो, मेंदूचा आजार हाय, औषिद न्हाई. मी एकलीनं कुटं कुटं बघू? चोर म्हणायला सगळी आलासा, आता बघायला कोण येतंय?"

"मग?" गणपतरावांनी विचारलं.

"मग काय पावणं. मला दिसलं हुतं आनी मी गप बसलो हुतो," इमाम म्हणाला. "त्या दिवशी बिजलीला न्हेऊन त्याच्या खुंट्याला बांधली. म्हटलं, काढ बाबा धार."

तेव्हापासून तसंच चाललं होतं. हंबीरराव रोज बिजलीची कास धुवायचे. इमाम हळूच चरवी घ्यायचा, पाणी ओतायचा आणि परत त्यांच्या हातात द्यायचा. पहिला पेला चिमणाबाई न चुकता घ्यायची. हंबीरराव एकदा घेतलेले पैसे पुन्हा मागायचे तर कुणी वाद घालायचं नाही, आणि कट्ट्यावरचा चहावाला तिसऱ्यांदाही तितक्याच प्रेमानं चहा द्यायचा. दूध प्यायला येणारे तालमीतले पैलवान त्यांना आळीपाळीनं घरी सोडायचे. तेवढ्या वेळात धोंडुबाई इमामच्या बायकोजवळ, सुलतानबीजवळ, उन्हात बसायची, कधी बोलायची, कधी नुसती डुलकी काढायची. सयाजीनंही मग दाराची कडी काढून टाकली.

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याहून जास्त संताप झाला. अहो, हेच आधी केलं असतं तर? मी होते की खुंट्याला! आणि बिजली? ती लाथाळ? तिच्या कासेला माझ्या धन्याचे हात?

त्या पाडव्याला गणपतरावांनी मलाही नटवून कोल्हापुरात नेलं. कट्ट्यावर तीच गर्दी, तोच गुलाल. आणि एकाएकी हाळी आली, "ह्योऽ शेवंतेऽ!"

मी दावं हिसडून धावले. वाटेतली माणसं बाजूला झाली. समोर हंबीरराव उभे, वाळलेले, पण धुतलेलं धोतर नेसलेले. मी त्यांच्यापुढं जाऊन थांबते तोच माझ्या शेजारून बिजली पुढं झाली. त्यांनी तिच्या गळ्यात माळ घातली. "आलीस व्हय शेवंते," तिला म्हणाले. आणि ती त्या नावाला कान हलवत होती!

मग त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. जवळ आले. त्यांचा हात उठला आणि सरळ माझ्या डाव्या शिंगाच्या मागं गेला, नेमका तिथं. माझे डोळे मिटले.

"देखणी हाय की. कुणाची, पावणं?"

"माझी," गणपतराव धापा टाकत म्हणाले.

"नाव काय हिचं?"

गणपतराव माझं सुटलेलं दावं गोळा करू लागले. हंबीररावांचा चेहरा लाल झाला. "नाव न्हाई? एवढी चांगली म्हस आनी बिननावाची? कसली माणसं तुमी!" माझ्यासाठी ते इतके भांडले, मित्रांनो. आणि मग वळून बिजलीबरोबर निघून गेले. एका बाजूला धोंडुबाई, एका बाजूला इमाम. एकदाही मागं बघितलं नाही.

गणपतरावांना ते फार लागलं. पुढच्या खेपेला त्यांनी इमामला विचारलं, "हिचं जुनं नाव काय हुतं? सांगा, तेच म्हणतो."

इमामनं माझ्या कपाळावरचा ठिपका बघितला. "ते नगा इचारू, पावणं," तो म्हणाला. "ते तिकडं बिजलीला लागतंय."

तर मित्रांनो, तुमच्या घरात, गल्लीत कुणी विसरू लागलं तर त्याच्यावर दार लावू नका. त्याच्याशेजारी उभे राहा आणि चरवीतलं पाणी तेवढं वेळेवर ओता. शेजाऱ्याची बदनामी चालली असताना घुंगरू सोडत बसू नका. आणि कधी म्हैस विकावी लागलीच, तर विका. पण दाव्याबरोबर तिचं नावही देऊन टाका. मी अजून रोज पहाटे कान टवकारून उभी असते, आणि गणपतराव बिचारे नवंनवं नाव घेऊन मला हाका मारत असतात.