तळहातातलं नाणं

माझ्या नवऱ्याला म्हातारपणी जादू शिकवली ती रोदान्थीनं. ही आरोग्य केंद्रातली पोरगी, हातापायांचे व्यायाम करून घ्यायला घरोघर फिरते. पहिल्याच दिवशी माझ्या स्वयंपाकघरात न विचारता खुर्ची ओढून बसली, म्हणून मला आवडली नव्हती. पुढं आवडायला लागली, पण ते मी तिला कळू दिलं नाही. कळलं की माणसं शेफारतात.

आर्गिरिस, म्हणजे माझा नवरा, समुद्रकाठच्या गालाक्सिदी गावचा न्हावी. दाढी राखणारे पाद्री सोडले तर गावातल्या प्रत्येक गळ्यावरून त्याचा वस्तरा फिरलाय आणि कुणाला कधी ओरखडा नाही. उन्हाळ्यात त्याला अर्धांगाचा झटका आला. तोंड सरळ झालं, पाय चालायला लागला, उजवा हात मात्र न विकलेल्या मासळीसारखा मांडीवर पडून राहिला. रोदान्थीनं दाबायला रबरी चेंडू दिला, तो त्यानं मांजराला दिला. ताणायला रबरी पट्टी दिली, तिनं मी टोमॅटोची रोपं बांधली. दुकानाला कुलूप, माणूस खिडकीत. असेच दिवस चालले होते.

द्राक्षांचा हंगाम उरकला आणि अथेन्सहून लाम्ब्रोसचा फोन आला. लाम्ब्रोस आमचा एकुलता मुलगा, विम्याच्या कचेरीत असतो. मनानं चांगला, पण आपण चांगले आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक आहे. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर म्हणाला, "आई, यंदा पिटा मी कापीन. बाबांच्या हातात सुरी नको."

आमच्याकडं नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी जेवणाच्या टेबलावर संत वासिलीची गोड पिटा, म्हणजे केकच, कापतात. आत एक नाणं भाजलेलं असतं. ज्याच्या वाट्यात ते निघेल त्याचं वर्ष चांगलं जातं. आणि पिटा कापतो तो घरचा कर्ता. सासरे गेले तेव्हा ती सुरी आर्गिरिसच्या हातात आली. माणूस मेल्याशिवाय ती हात बदलत नाही. लाम्ब्रोसला हे माहीत होतं. त्याला वाटलं, बापावर दया करतोय.

फोनचा आवाज मोठा, खिडकीपर्यंत सगळं ऐकू गेलं असणार. मी मनात म्हटलं, आज सुरी, उद्या किल्ल्या, परवा दोघांना उचलून अथेन्सच्या पाचव्या मजल्यावर.

पुढच्या खेपेला रोदान्थी आली तेव्हा त्यानं आपण होऊन तिला विचारलं, येत्या वासिलीच्या दिवसापर्यंत हा हात सुरी धरील का. ती खोटं बोलली नाही, हे तिचं मला पटलं. म्हणाली, चेंडू मांजराकडं असला तर नाही धरणार. मग तिनं खिशातून चलनातून गेलेलं एक जुनं द्राख्माचं नाणं काढलं, स्वतःच्या तळहातावर ठेवलं, हात उलटा केला. नाणं पडलं नाही. बोटं हलवली, माझ्या टेबलावरचं ऑलिव्ह उचलून खाल्लं, तरी पडलं नाही. कुठल्या तरी मामाकडून ती लहानपणी चार जादू शिकली होती, दवाखान्यातल्या रडक्या पोरांसाठी वापरायची.

"मुठीत धरायचं नाही," ती म्हणाली. "अंगठ्याखालचं मांस आणि करंगळीखालचं मांस, या दोघांनी धरायचं. बोटांना काही माहीतच नाही असं दिसलं पाहिजे."

त्या दिवसापासून माझ्या घरात टिंग, टिंग सुरू झालं. दिवसभर नाणं तळहातात घेऊन वावरायचं असा हुकूम होता. कॉफी पिताना टिंग. कोंबड्यांना दाणे टाकताना टिंग. एकदा सूपच्या भांड्यात पडलं आणि मी ते त्याला सूपसकट वाढलं. नाणं पडलं की त्यानं वाकून उचलायचं, मी उचलायचं नाही, असंही ती सांगून गेली होती. मला सांगायची गरज नव्हती. मी आजवर त्याचे मोजेसुद्धा उचललेले नाहीत.

टिंग कमी व्हायला लागलं तशी तिनं पुढची पायरी दिली. उजव्या हातातलं नाणं डाव्या हातात ठेवायचं, खरंखुरं, पुन्हा पुन्हा, हाताला सवय होईपर्यंत. मग एकदा ठेवल्यासारखं करायचं आणि उजव्यातच राहू द्यायचं. खऱ्यात आणि खोट्यात केसाचाही फरक दिसता कामा नये. आणि नजर डाव्या हातावर हवी, कारण तुम्ही बघाल तिकडं लोक बघणार. यासाठी आरसा लागतो. आरसा म्हटल्यावर आर्गिरिस उठला, किल्ली घेतली आणि कितीतरी महिन्यांनी दुकान उघडलं. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत स्वतः बसला. जन्मभर त्या आरशात त्यानं दुसऱ्यांची डोकी पाहिली होती, स्वतःचे हात पहिल्यांदाच पाहत होता. मी मसूर आणायला म्हणून त्या रस्त्यानं जायची आणि काचेतून डोकवायची. घरात मसूर इतका साठला की अजून संपत नाही.

रोदान्थीनं त्याची एक खोड पकडली. फसवण्याच्या नेमक्या क्षणी तो डोळे मिटायचा. मी म्हटलं, त्यात नवल काय, लग्न झाल्यापासून माझ्याशी खोटं बोलतानाही हा असेच डोळे मिटतो. पोरगी हसली. आर्गिरिसही हसला, झटक्यानंतर पहिल्यांदा, आणि मी भांडी घासायला वळले.

तिचे नियम तीन. काय होणार ते आधी सांगायचं नाही. लोकांनी पाया पडून मागितलं तरी लगेच पुन्हा करून दाखवायचं नाही. आणि कसं केलं ते कुणाला सांगायचं नाही.

"बायकोला?" आर्गिरिसनं विचारलं.

"बायकोला तर नाहीच."

मी तीन हातांच्या अंतरावर उभी होते.

नाताळच्या आधी तो पहिल्यांदा बंदरावरच्या कॉफीखान्यात खेळ दाखवायला गेला, आणि परत आल्यावर कोटही उतरवला नाही. नाणं सिंकमध्ये फेकलं. काय झालं ते मला पाखूमिसच्या बायकोकडून कळलं. पाखूमिस म्हणजे दोरखंडाचा दुकानदार, आर्गिरिसचा शाळेपासूनचा मित्र आणि तेव्हापासूनचा छळ. खेळ नीट चालला होता. नाणं डाव्या हातात गेल्यासारखं झालं, सगळे डाव्याकडं बघत होते. फक्त पाखूमिस म्हणाला, "आर्गिरिस, तुझी मण्यांची माळ कुठंय रे? सुतकात ठेवून दिलीस, कोण मेलं?" आणि उजवा हात धरून उलटा केला. नाणं टेबलावर. सगळे हसले, वाईट मनानं नाही, पण हसले.

मी सिंकमधून नाणं काढलं. तेवढं एकदाच.

"गाढव आहेस," मी म्हटलं. "या गावात मण्यांच्या माळेशिवाय बसलेला पुरुष कुणी पाहिलाय? वस्तरा खाली ठेवलास की तुझ्या हातात माळ. झटका आला तर डाव्या हातात घेतलीस. आणि आज खेळ दाखवायचा म्हणून खिशात घातलीस. चोरी कर, पण टोपी तरी रोजची घाल."

त्यानं कोटाच्या खिशातून माळ काढली, उजव्या हातात घेतली, नाणं तळहातात, माळ बोटांत. मणी हळू फिरले. एक मणी अडला, पुन्हा फिरला. मिटलेल्या हाताला कारण मिळालं. रोदान्थीला दाखवलं तर ती म्हणाली, जादूगार काठी धरतात ती याचसाठी. हे कुणी सुचवलं, असं तिनं विचारलं. आर्गिरिसनं डोळे मिटले आणि म्हणाला, मीच शोधलं.

म्हणजे हातात काही धरलं की आत नाणं लपतं. माळ धरली तर, आणि सुरी धरली तरही. ते त्याच्या डोक्यात त्या दिवशी शिरलं. मला म्हणाला, यंदा पिटेत नाणं घालू नकोस. मी कापीन, नाणं माझ्या हातात असेल, आणि ते लाम्ब्रोसच्या वाट्यातून काढीन. त्या पोराला लहानपणापासून एकदाही नाणं मिळालेलं नाही, दर वर्षी ओठ काढून बसायचा. बघू दे त्याला, या हातात सुरी धरवते की नाही.

मी हो म्हटलं. पिटेसाठी राखलेलं नाणं त्याच्या हातावर ठेवलं.

पण वर्षाच्या शेवटच्या दिवशी पीठ साच्यात ओतलं आणि माझा हात थांबला. माझी आई उपासमारीच्या वर्षी कण्यांची पिटा भाजायची. नाणं नव्हतं तर तिनं बापाच्या सदऱ्याचं बटण तोडून घातलं. मला म्हणाली, पोली, रिकामी पिटा भट्टीत घालू नये, घर रिकामं होतं. आता मी काय माझ्या नवऱ्याच्या जादूपायी वर्ष रिकामं काढू? कपाटातून आईनं पुढं बऱ्या दिवसांत जमवलेलं सोन्याचं पौंडाचं नाणं काढलं, चंदेरी कागदात गुंडाळलं आणि पिठात दाबलं. नवऱ्याला सांगितलं नाही. नियम त्याच्याच जादूचा होता.

दुपारी टेबलावर लाम्ब्रोस, त्याची बायको मिर्तो आणि आम्ही दोघं. रिवाजाप्रमाणं उंबऱ्यावर डाळिंब फोडून झालं होतं, डुकराचं मांस चुलीवरून उतरलं होतं. मी पिटा आणली आणि सुरी आर्गिरिसच्या उजव्या बाजूला ठेवली. लाम्ब्रोस म्हणाला, आई, आपलं ठरलं होतं. मी म्हटलं, तुझं ठरलं होतं.

आर्गिरिसनं सुरी धरली. पिटेवर क्रूस काढला. पहिला तुकडा ख्रिस्ताचा, दुसरा त्याच्या मातेचा, तिसरा घराचा. सुरी हळू चालत होती, पण सरळ. मग त्याचा स्वतःचा, मग माझा. लाम्ब्रोसचा तुकडा कापून त्यानं उचलला, ताटलीकडं नेला, आणि टिंग.

नाणं तुकड्यातून नाही, हातातून पडलं. स्वच्छ, कोरडं, पिठाचा एक कण नाही त्याला. सगळ्यांनी पाहिलं.

आर्गिरिसचा चेहरा राखेसारखा झाला. लाम्ब्रोसनं नाणं उचललं. तो हसला नाही, त्याबद्दल मी त्याला बरंच काही माफ केलंय. हळूच म्हणाला, "बाबा, हातातून निसटलं. असू दे. आणा, उरलेलं मी कापतो." आणि हात पुढं केला.

माझी जीभ अशा वेळी कधी गप्प बसत नाही. त्या दिवशी मी दातांत धरून ठेवली. आर्गिरिसनं सुरी दिली नाही. त्यानं मिर्तोच्या तुकड्यासाठी पातं पिटेत घातलं. मध्यावर ते कशावर तरी खरखरलं. त्यानं तुकडा बाजूला सारला. चंदेरी कागदाची कड बाहेर आली, भाजून तपकिरी झालेली, पिठाला घट्ट चिकटलेली.

मिर्तोनं कागद सोलला. सोनं पाहून तिनं तोंडावर हात ठेवला. लाम्ब्रोस आपल्या हातातल्या नाण्याकडं बघत होता, मग पिटेकडं, मग बापाकडं.

"मग हे काय होतं?" त्यानं विचारलं.

आर्गिरिसला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी त्याच्याकडं बघत होते. पण त्यानं डोळे मिटले नाहीत.

"ते माझं," तो म्हणाला. "हे पिटेचं."

लाम्ब्रोसचा पुढं केलेला हात मागं गेला. लहानपणी व्हायचं तसं त्याचं तोंड उघडं राहिलं. मग म्हणाला, मुद्दाम पाडलंत, आम्हाला वाटावं फसलं म्हणून. पुन्हा दाखवा. आर्गिरिस म्हणाला, पुन्हा दाखवत नसतात. आणि शेवटचा तुकडा कापला, दारी येणाऱ्या परक्याचा, तोही सरळ.

जाताना लाम्ब्रोसनं ते हातातून पडलेलं नाणं खिशात घातलं, विचारलंसुद्धा नाही. दारात म्हणाला, बाबा, पुढच्या वर्षीसाठी ती सुरी जरा धार लावून आणू का. आर्गिरिस म्हणाला, न्हाव्याला धार शिकवू नकोस.

गाडी वळणाआड गेली तसा तो स्वयंपाकघरात आला, माळ फिरवत, उजव्या हातात.

"पोलिक्सेनी," म्हणाला, "ते सोनं आत कसं आलं?"

मी ताटल्या धुवत होते. म्हटलं, नवऱ्याला तर नाहीच.