अभ्यासकांची उन्हाळी भरती

शनिवारी सकाळी सार्वजनिक जलतरण तलावाच्या तिकीट खिडकीमागे, क्लोरीनचा वास मारणाऱ्या एका खोलीत, तीन शहाणे बसले होते. एक चष्म्याच्या दुकानाचा मालक, एक बेकरीवाला आणि तिसरे त्या तलावाचे व्यवस्थापक. तिघांचीही पन्नाशी उलटलेली, तिघांनाही टेबलापासून जरा लांबच बसावं लागे, कारण मध्ये पोट येई. आणि तिघंही त्या दिवशी संतापलेले होते.

का? तर त्यांच्या लाडक्या फुटबॉल क्लबने नवा डावा बचावपटू घेतला होता!

उन्हाळा आला की क्लब खेळाडूंची खरेदी-विक्री करतात आणि हे तिघं आपापला धंदा बाजूला ठेवून क्लबचा धंदा चालवायला बसतात. क्लबने यांचं मत कधी मागितलेलं नाही. क्लबला यांची नावंसुद्धा माहीत नाहीत. ज्याला स्वतःच्या बेकरीत धड गिऱ्हाईक सांभाळता येत नाही तो इथे बसून आघाडीची फळी सांभाळतो. वाचकहो, अशी खोली तुमच्याही ओळखीची असेल. खरं सांगा, तिथे तुमचीही एखादी खुर्ची ठरलेली असेल.

व्यवस्थापकांना मंडळी ‘अभ्यासक’ म्हणत. चेष्टेने नव्हे हो, अगदी आदराने! त्यांच्याकडे एक जाडजूड वही होती. डाव्या बचावपटूच्या जागेसाठी त्यांनी अकरा खेळाडू हेरले होते आणि प्रत्येकाची कुंडली वहीत उतरवली होती. वय काय, उंची किती, कोणत्या गुडघ्याला कधी मार लागला, थकल्यावर पास कुठे चुकतो. एकेकाचे चाळीस-चाळीस व्हिडिओ त्यांनी पाहिले होते, तेही बहुतेक कामाच्या वेळेत.

“आणि एवढ्यातून घेतला कोण?” अभ्यासकांनी टेबलावर हात आपटला. “अध्यक्षांच्या जावयाचा चुलतभाऊ!”

“वशिल्याचं तट्टू!” बेकरीवाला ओरडला.

“चाचणी नाही, काही नाही,” चष्मेवाला म्हणाला. “कोणीतरी जेवताना शब्द टाकला असेल आणि झाली सही.”

अभ्यासकांनी क्लबला खरमरीत पत्र लिहिलं होतं आणि त्यावर चारशे सह्या गोळा केल्या होत्या. ‘लायकी न तपासता नात्यागोत्यातून माणूस घेणं हा हजारो चाहत्यांचा विश्वासघात आहे,’ असं त्यात होतं. त्यांनी ते तीनदा मोठ्याने वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा तर शेवटच्या ओळीला त्यांनी स्वतःच टाळी वाजवली.

दोघं मित्र गेले तसं दारात मावशी येऊन उभ्या राहिल्या. तलावावर कपाटांच्या चाव्या सांभाळायचं काम त्या सव्वीस वर्षं करत होत्या. लहानथोर सगळेच त्यांना मावशी म्हणत.

“साहेब, परवा सोमवारी दुपारी शाळेची चाळीस मुलं येणार. पोहायला शिकायला. जीवरक्षकाची जागा भरली का?”

“भरली.”

“कोण?”

अभ्यासकांनी वही खणात टाकायचं निमित्त करून मान खाली घातली. “माझा मेहुणा. हिचा धाकटा भाऊ. उद्या सकाळच्या बसने येतोय.”

उन्हाळी जीवरक्षकाची नेमणूक व्यवस्थापकांच्याच हातात असे. जाहिरात निघाली होती, सहा अर्जही आले होते. ती सहा पाकिटं त्याच खणात, त्या जाडजूड वहीच्या खाली, फोडायची वाट बघत तीन आठवडे पडली होती. नेमणूक झाली होती ती घरी जेवताना. बायको म्हणाली, “माझा भाऊ घरी बसलाय, तुमच्याकडे काही नाही का?” यांनी विचारलं, “पोहता येतं ना त्याला?” ती म्हणाली, “लहानपणी नदीवर जायचा.” यांनी पुढचा घास घेतला. बस्स! झाली भरती.

“सहातलं एकही पाकीट फोडलं नाहीत?” मावशींनी विचारलं.

“मावशी, पोरांनी डुंबायचं आणि याने खुर्चीवर बसून बघायचं. त्यात काय आहे?”

“बघायचंच तर असतं, साहेब. बुडणारं पोर सिनेमातल्यासारखं आरडाओरडा करत नाही. ओरडायला श्वास लागतो, तोच नसतो त्याच्याकडे. शेजारी खेळणाऱ्या पोरालासुद्धा कळत नाही. ज्याला कळतं आणि ज्याला तळाशी जाऊन त्याला वर आणता येतं, तोच त्या खुर्चीत पाहिजे. तुमच्या क्लबने चुकीचा माणूस घेतला तर दोन गोल जास्त खातील. तुम्ही घेतलात तर काय होईल?”

“ते वेगळं आहे, मावशी. तिथे लोकांच्या भावनांचा प्रश्न असतो.”

भावनांचा प्रश्न! चाळीस पोरांचा जीव एकीकडे आणि यांच्या भावना दुसरीकडे. मावशी वळून आपल्या चाव्यांकडे गेल्या. पण गप्प बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

रविवारी मेहुणा आला. अठ्ठावीस वर्षांचा, अंगाने भरलेला, बहिणीने घेऊन दिलेली नवी लाल चड्डी आणि गळ्यात नवी शिट्टी. “इथे मला साहेब म्हणायचं,” अभ्यासकांनी त्याला आधीच बजावलं होतं, “भाऊजी म्हणायचं नाही.” त्याने मान डोलावली आणि उंच खुर्चीत जाऊन बसला. खुर्चीचे हात त्याने दोन्ही मुठींत घट्ट धरले होते.

दहाच्या सुमाराला चष्मेवाला आणि बेकरीवाला नेहमीप्रमाणे डुंबायला आले. मावशी जणू त्यांचीच वाट पाहत होत्या. त्यांनी सामानाच्या खोलीतून पाच किलोची रबरी वीट आणली आणि खोल बाजूला धपकन पाण्यात टाकली.

“नव्या माणसाची चाचणी आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही पारखी मंडळी. बसा, बघा जरा.”

अभ्यासक खोलीतून धावत बाहेर आले. “मावशी, कशाला उगाच…” पण दोघं मित्र पंचा मांडीवर घेऊन बाकावर बसलेसुद्धा होते. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं आणि कारण सांगण्यासारखं नव्हतं.

मेहुणा शिडीने उतरला. गळ्यापर्यंत पाणी आलं तसा पुन्हा दोन पायऱ्या वर चढला. मग नाक चिमटीत धरून त्याने डोकं बुडवलं आणि खोकत, ठसकत, शिडीचा दांडा कवटाळून वर आला. वीट तळाशी होती तिथेच राहिली.

बाकावरच्या पारख्यांना मात्र चेव आला.

“वजन जास्त, वेग शून्य!”

“डावा पायही चालत नाही, उजवाही नाही. राखीव खेळाडूंत तरी बसवा याला!”

“अर्ज बिर्ज मागवले होते की नाही?”

“मागवले असतील, उघडले नसतील. अरे, हा साहेबलोकांपैकी कोणाचा तरी जावई नाहीतर मेहुणा असणार. लिहून देतो!”

दोघं पोट धरून हसले. अभ्यासकांचे कान तापले. कालच्या खोलीतले तेच आवाज होते, बोलण्यातला तोच तुच्छ सूर होता. फक्त काल तो त्यांना गोड लागला होता.

हसता हसता चष्मेवाल्याने विचारलं, “पण मावशी, याला घेतलाय तरी कशासाठी? बाग झाडायला?”

“जीवरक्षक म्हणून. उद्या शाळेची मुलं येणार ना, त्यांच्यासाठी.”

चष्मेवाल्याचं हसू जागच्या जागी थांबलं. “उद्या? माझी नात आहे त्यांच्यात. सात वर्षांची आहे.” तो उठला. “कोणी घेतला याला?”

“वरून आदेश आला,” अभ्यासक म्हणाले.

वरून! हे ‘वर’ कुठे असतं ते आजवर कोणाला सापडलेलं नाही, पण जगातली निम्मी पापं तिथूनच येतात. निदान आपण तसं सांगतो तरी! कदाचित हेही खपून गेलं असतं. पण मेहुणा निथळत त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. 

“भाऊजी,” तो म्हणाला, “मला घरी जाऊ द्या. मला पाण्याची भीती वाटते. नदीवर मी काठावरच बसायचो. मला सुतारकाम येतं, तेच मी ताईला सांगत होतो, पण मला कोणी विचारलंच नाही. उद्या एखादं पोर खाली गेलं तर मी काय करू? मी नुसता शिट्टी वाजवत बसेन हो!”

भाऊजी! त्या एका शब्दाने सगळा हिशेब उघडा पडला. बेकरीवाल्याने नजर दुसरीकडे वळवली. चष्मेवाला मात्र अभ्यासकांकडे टक लावून पाहत राहिला.

“तू माझ्या नातीच्या जिवावर बायकोच्या भावाची सोय लावलीस,” तो हळू आवाजात म्हणाला. “कालच्या पत्रावरची माझी सही खोडून टाक. तुझ्या अक्षराखाली माझं नाव असल्याची मला लाज वाटते.”

पंचा खांद्यावर टाकून तो निघून गेला. अठरा वर्षांची मैत्री होती त्यांची.

अभ्यासक खोलीत येऊन खुर्चीत बसले. मावशींनी न विचारता खण ओढला, वही बाजूला सारली आणि सहा पाकिटं टेबलावर ठेवली.

“अजून सोमवार उजाडायचा आहे, साहेब,” त्या म्हणाल्या.

तिसऱ्या पाकिटात एका धोबिणीचा अर्ज होता. ‘मी हॉस्पिटलच्या धुलाईघरात सकाळपाळी करते. दुपारी मोकळी असते. जीवरक्षणाचं प्रमाणपत्र जोडलं आहे. चाचणीला कधीही बोलवा, मी येईन.’ ‘कधीही’ या शब्दाखाली तिने रेघ ओढली होती. अभ्यासकांनी ते पत्र दोनदा वाचलं. अकरा परक्या खेळाडूंच्या गुडघ्यांची आपल्याला खडान्‌खडा माहिती आणि हिच्या पत्राला साधं उत्तर नाही! त्यांना स्वतःची शिसारी आली. उशिरा आली, पण आली.

त्यांनी सहाही जणांना फोन लावले. चौघं आले. दुपारी चार वाजता सगळ्यांसमोर चाचणी झाली. विटेपर्यंत दोघंच पोचले. मग कपड्यांसकट माणूस काठाला ओढायचा होता. बुडणारा कोण होणार? बेकरीवाला मुकाट्याने बुटांसकट पाण्यात उतरला. सकाळच्या हसण्याचं तेवढं प्रायश्चित्त त्याने घेतलं म्हणायचं. पहिला उमेदवार त्याच्या वजनाने अर्ध्यात थकला. धोबिणीने मात्र हनुवटीखाली हात घालून तो सगळा पसारा सरळ रेषेत काठाला आणला आणि वर त्यालाच विचारलं, “काका, बरे आहात ना?”

तिच्या नेमणुकीच्या कागदावर सही करून अभ्यासक चष्म्याच्या दुकानात गेले. “नवी जीवरक्षक नेमली, चाचणी घेऊन,” ते दारातूनच म्हणाले. चष्मेवाल्याने मान वर केली नाही.

“वीट वर आली?”

“दोनदा.”

“आणि माणूस?”

“बेकरीवाला ओढला तिने. बुटांसकट.”

चष्मेवाल्याने हातातली काच पुसून खाली ठेवली. “मग पाठवतो नातीला,” तो म्हणाला. चहा विचारला नाही, पण ‘जा’ असंही म्हणाला नाही.

घरी बायकोने आकाशपाताळ एक केलं. “माझ्या भावाचं चारचौघांत हसं केलंत!” अभ्यासकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “हसं मी केलं, खरं आहे. त्याला पाण्याची भीती वाटते हे तुला ठाऊक होतं?”  ती म्हणाली, “वाटलं होतं, शिकेल हळूहळू.” मेहुणा तोवर मागच्या दाराची मोडकी कडी काढून नीट बसवत होता. ती त्याच्या हातांकडे बघत राहिली.

सोमवारी दुपारी चाळीस पोरं पाण्यात उतरली. नुसता गलका! अभ्यासक काठावर उभे राहून त्यांच्याकडेच बघत होते, डोळ्यांत तेल घालून बघत होते. “काय, सगळं ठीक ना?” त्यांनी धोबिणीला विचारलं. तिने वळूनही पाहिलं नाही. “साहेब, बाजूला व्हा,” एवढंच म्हणाली आणि पुढच्या क्षणी ती खुर्चीत नव्हतीच. शिडीच्या दांड्यापाशी पाणी उसळलं आणि ती एका पोरीला काखेत धरून वर आली. पोरगी खोकली, थुंकली, डोळे चोळून रडली आणि मग म्हणाली, “मला परत जायचंय.” ती चष्मेवाल्याची नात होती. पाच पावलांवर उभ्या असलेल्या अभ्यासकांना ती खाली गेलेली दिसलीच नव्हती.

 ते तिथेच ओल्या फरशीवर बसले.

नागरिकहो, क्लबला जाब विचारा, खुशाल विचारा. पण दुसऱ्याच्या भरतीला नाक मुरडण्याआधी आपल्या हातातल्या भरतीकडे बघा. शाळेत, दवाखान्यात, कचेरीत, जिथे म्हणून माणूस नेमायचा अधिकार तुमच्याकडे आहे, तिथे नातं बाहेर ठेवा आणि काम येतं का ते तपासा. वशिल्याने जागा दिली की लायक माणसाचा हक्क बुडतो, अंगावर नको ते काम लादलेला माणूस खचतो आणि तिसरं कोणीतरी, ज्याने आपलं काहीच वाकडं केलेलं नसतं, ते जिवाला मुकतं. त्या सोमवारी ते झालं नाही, कारण आदल्या दिवशी एका माणसाला वेळेवर लाज वाटली. आपल्याला ती कधी वाटणार?