जमिनीला टेकलेली खिडकी

मोहाडीच्या विणकर गल्लीत दोन घरं समोरासमोर होती, एक १८२४ सालचं, दुसरं १८९३ सालचं. वास्तुकलेच्या अभ्यासासाठी दोन्हींची तुलना करायला साकोलीचा कुंदन मोजायची टेप घेऊन आला होता. अलीकडचं घर त्याला बघताक्षणी आवडलं. उंच खिडक्या, रंगीत काचा, लोखंडी तुळया! जुन्या घराची खिडकी मात्र पार जमिनीला टेकलेली. सत्तर वर्षांत गवंडी शहाणे झाले म्हणायचे, असं मनाशी म्हणत त्याने वहीत लिहिलं, ‘भिंत खचली आहे.’

जुन्या घरात माग चालवणाऱ्या मधुकररावांनी विचारलं, “काय लिहून राहिला रे?”

कुंदनने वाचून दाखवलं आणि त्यांचं डोकंच फिरलं. “खचली? तुही अक्कल खचली! ये, बस मागावर.”

माग खड्ड्यातला होता. कुंदन खड्ड्यात पाय सोडून बसला, तशी खिडकी त्याच्या शेजारी आली. तिच्यातलं ऊन थेट सुतावर उतरत होतं आणि धागा न् धागा वेगळा दिसत होता. त्याने फेकलेला धोटा आडवा धागा घेऊन एकदा इकडे गेला, एकदा तिकडे. हे हात आपले की दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणाचे, त्याला कळेना.

बऱ्याच वेळानं त्याने विचारलं, “काकाजी, मंग समोरच्या खिडक्या एवढ्या वर कायले?”

“ते शेठचं घर. त्याले रस्ता पाहाचा होता, आमाले सूत.”

कुंदनने वही उघडली. ‘भिंत खचली आहे’ हे खोडून त्याने लिहिलं, ‘इथं माणूस बसतो.’